बफेलोहून मिसिसागाला नवी मिनीव्हॅन: दलाल न लावता आणलेल्या गाडीचा अनुभव

अमेरिकेत कोरी गाडी विकत घ्यायची आणि आपणच चालवत कॅनडात आणायची, हे जमतं का आणि परवडतं का, असं ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडचे मराठी लोक मला अजूनही विचारतात. आम्ही २०१२ च्या सप्टेंबरात एक सात आसनी मिनीव्हॅन अशी आणली, कुठलाही दलाल न लावता. ती गाडी अजून आमच्या दारात आहे. त्यामुळे हा अभिप्राय गाडीचा नाही, ती आणताना ज्या खिडक्यांवर उभी राहिले त्या सगळ्या व्यवस्थेचा आहे. दोन्ही देशांच्या सरकारी कामाला मी पाचपैकी साडेचार देते. गाड्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना मात्र दोनच्या वर द्यायला माझा हात उठत नाही. आमच्या वाटेत कस्टमचा अधिकारी एकदाही आडवा आला नाही. आडवे आले ते विक्रेते.

आधी तेव्हाची परिस्थिती. २००७ च्या नोव्हेंबरात कॅनेडियन डॉलर चढत चढत अमेरिकेच्या १ डॉलर १० सेंटपर्यंत गेला होता. मधे उतरला, पुन्हा वर आला, आणि आम्ही गाडी घेतली तेव्हा आमच्या एका डॉलरला त्यांचा एक डॉलर दोन सेंट मिळत होते. चलन बरोबरीला आलं तरी दुकानातल्या किमती जुन्याच होत्या. पुस्तकांपासून टायरपर्यंत तीच वस्तू नदीपलीकडे, अमेरिकेत, स्वस्त. तेव्हाचे अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी २००७ मध्येच दुकानदारांना किमती खाली आणायला जाहीरपणे सांगितलं होतं. आमची गाडी आल्यानंतर, २०१३ च्या फेब्रुवारीत, सिनेटच्या अर्थ समितीनं या किमतींच्या तफावतीवर स्वतंत्र अहवालच काढला. म्हणजे आम्ही काही आडवाटेनं चाललो होतो असं नाही. अर्ध्या ओंटारियोच्या मनात तेच होतं.

आमच्या घरी तेव्हा दोन मुलं, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि लहान सेडान. मिसिसागातल्या डीलरनं ज्या मिनीव्हॅनचे साधारण सदतीस हजार कॅनेडियन डॉलर सांगितले, तीच, त्याच सोयींची, बफेलोच्या बाजूला एकतीस हजार अमेरिकन डॉलरला होती. त्या दिवसाच्या दरानं ते तीस हजार चारशे कॅनेडियन झाले. शिवाय इकडच्या किमतीत वाहतूक आणि तयारीचा खर्च वेगळा लावणार होते.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, "पण टॅक्स?" इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. ओंटारियोत गाडी कुठूनही घ्या, १३ टक्के द्यायचेच आहेत. बाहेरून आणली तर त्यातले केंद्राचे ५ टक्के सीमेवर भरायचे आणि प्रांताचे ८ टक्के नोंदणी करताना सर्व्हिस ओंटारियो या प्रांताच्या सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर. एसी असलेल्या गाडीवर १०० डॉलर अबकारी कर आहे, तोही इकडच्या गाडीच्या किमतीत धरलेलाच असतो. खूप पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांवर, म्हणजे १०० किलोमीटरला १३ लिटर किंवा जास्त पिणाऱ्यांवर, हजारापासून चार हजारांपर्यंत 'ग्रीन लेव्ही' लागते. आमची त्याच्या आत होती. आयात म्हणून खरोखर वेगळा पडणारा पैसा दोनच ठिकाणी जातो: आयात शुल्क आणि आरआयव्ही नावाच्या नोंदणी यंत्रणेची फी.

आयात शुल्काचं कोडं गाडीच्या नंबरातच सुटतं. प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो, व्हीआयएन. त्याची सुरुवात १, ४ किंवा ५ नं झाली तर गाडी अमेरिकेत जुळवलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत. 'जे'नं सुरू झाली तर जपानची, 'के' कोरियाची, 'डब्ल्यू' जर्मनीची. तेव्हा नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार होता, म्हणून उत्तर अमेरिकेत बनलेल्या गाडीवर शुल्क शून्य आणि बाहेर बनलेलीवर ६.१ टक्के. डीलरच्या आवारात एकाच ब्रँडच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असायच्या, एक ५ ची आणि एक जेची, आणि सीमेवर त्यांच्यात दीड-दोन हजार डॉलरचा फरक पडायचा. आमची ५ ची होती. ते पाहूनच घेतली.

आता विक्रेत्यांबद्दल. मी बफेलो, रॉचेस्टर, ईरी अशा ठिकाणच्या डीलरांना फोन केले. उच्चार ऐकून नाही, पत्ता ऐकून नकार मिळायचा. "कॅनडाचा पत्ता? नवी नाही देता येणार. वापरलेली हवी तर सांगा." हा प्रकार एका दुकानाचा नव्हता. बऱ्याच कंपन्यांच्या डीलरांशी असलेल्या करारातच नवी गाडी परदेशी गिऱ्हाइकाला विकू नये असं कलम असतं, आणि ते मोडलं तर डीलरला दंड किंवा पुढच्या गाड्यांच्या वाटपात कपात. काही कंपन्या आणखी एक करतात: गाडी सीमा ओलांडून आली की वॉरंटी मान्य करत नाहीत. इंजिन तेच, नट-बोल्ट तेच, कारखाना तोच, आणि तीन वर्षांची हमी मात्र सीमेवरच्या पुलाच्या मध्यावर संपते. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मुक्त व्यापाराचा करार झाला तेव्हा त्याचा फायदा कारखान्यांनी सुटे भाग दहादा सीमेपलीकडे नेण्यासाठी घेतला. घर चालवणाऱ्या माणसानं एकच गाडी एकदाच आणायची म्हटली की करार आठवत नाही.

शेवटी ज्या ब्रँडला हरकत नव्हती असा एक डीलर सापडला. त्याच्याकडून मी दोन गोष्टी लेखी मागितल्या: गाडी कॅनडात नेणार आहोत हे त्याला माहीत आहे, आणि वॉरंटी कॅनडात चालेल. दुसरी त्यानं स्वतः न लिहिता कंपनीच्या ग्राहक विभागाकडून मागवून दिली. ते पत्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या पुस्तिकेत ठेवलं, आणि ब्रेकचं काम वॉरंटीत करून घेताना मिसिसागातल्या सर्व्हिस काउंटरवर तेच दाखवलं. ज्यांना हे करायचं असेल त्यांना मी हात जोडून सांगते, तोंडी आश्वासनावर एक डॉलर देऊ नका.

घरात माझ्या मदतीला एक माणूस होता ज्याच्या तोडीचा दलाल मला पैसे देऊनही मिळाला नसता. माझे सासरे, अण्णा, मुंबईत क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत आयुष्यभर होते. बॅलार्ड इस्टेटचं न्यू कस्टम हाउस त्यांना घरासारखं पाठ, आणि न्हावा शेवा सुरू झाल्यावर पुढची वर्षं तिकडच्या फेऱ्यांत गेली. त्यांनी फाइल बनवली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक, आणि कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा याची एक चिठ्ठी. मग पट्टी घेऊन बसले आणि मला म्हणाले, "तू बिलावरचा नंबर वाच, मी कंपनीच्या दाखल्यावरचा बघतो. एकेक अक्षर."

तिथेच सापडलं. डीलरच्या बिलावर शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झाला होता. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, नेमकी हीच गल्लत होऊ नये म्हणून. अण्णांना तो नियम ठाऊक नव्हता, पण दोन कागद जुळत नाहीत एवढं त्यांना पुरलं. "अगं, हा कागद असा गेला तर खिडकीवरचा माणूस वाईट नसतो, पण त्याला हो म्हणता येत नाही," ते म्हणाले. डीलरकडून बिल दुरुस्त करून घेतलं आणि मगच पुढे पाठवलं.

नव्या गाडीला अमेरिकेत 'टायटल' नसतं, कारण ती अजून कुणाच्या नावावर झालेली नसते. तिचा जन्मदाखला म्हणजे उत्पादकाचा मूळ प्रमाणपत्राचा कागद, जाड, रंगीत, नोटेसारख्या छपाईचा. तो मूळ कागद हातात पाहिजे, छायाप्रत चालत नाही. अमेरिकन कस्टमला हे कागद गाडी नेण्याच्या किमान ७२ तास आधी द्यावे लागतात, आणि मग ठरल्या दिवशी गाडी त्यांच्यासमोर उभी करावी लागते. चोरीच्या गाड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून ही ७२ तासांची अट आहे, आणि ती योग्य आहे. त्रास एवढाच की निर्यातीची खिडकी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच उघडी असते. शनिवारी गाडी घेऊ आणि येता येता शिक्का मारून घेऊ, हे होत नाही. नवऱ्यानं आणि मी दोघांनी रजा टाकली.

पीस ब्रिज १९२७ सालचा आहे. बफेलो आणि फोर्ट ईरी यांच्यामध्ये नायगारा नदीवर. न्यू यॉर्कच्या वाहन कार्यालयातून घेतलेला तात्पुरता, वाटेपुरता परवाना काचेला लावून आम्ही निर्यातीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी फाइल उघडली, गाडीच्या काचेखालचा नंबर टॉर्चनं वाचला, दारातल्या पट्टीवरचा वाचला, दाखल्यावर शिक्का मारला. आमच्या पुढे ओंटारियोचाच एक माणूस मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याचे कागद ७२ तास आधी आले नव्हते आणि त्याला परत पाठवत होत्या. कसं पाठवलं ते सांगण्यासारखं आहे: त्यांनी त्याला कागदावर लिहून दिलं की काय कमी आहे, कुठे पाठवायचं आणि पुन्हा कधी यायचं. आवाज चढला नाही, उपकाराचा सूर नाही.

पूल ओलांडल्यावर कॅनडाच्या बाजूला "काही जाहीर करायचंय?" या प्रश्नाला "ही गाडी" एवढंच उत्तर दिलं आणि आत पाठवलं. हे करणारे पहिले आम्हीच असू अशी भीती नवऱ्याला होती. प्रत्यक्षात तिथल्या अधिकाऱ्याला फॉर्म १ तोंडपाठ होता. हा फॉर्म म्हणजे वाहन आयातीचा मूळ कागद. त्याच्यावर कस्टमचा शिक्का पडला की पुढची सगळी चाकं फिरतात, आणि तो हरवला तर गाडी दारात उभी राहते पण नंबरप्लेट मिळत नाही. अधिकाऱ्यानं बिल पाहिलं, त्या दिवसाचा विनिमय दर लावला, व्हीआयएनचा पहिला आकडा पाहून शुल्क शून्य धरलं, एसीचे १०० मिळवले, त्यावर ५ टक्के. एकूण सोळाशे पंचवीस डॉलर आणि काही सेंट. कार्डानं भरले, पावती मिळाली. अण्णा बाकावर बसून बघत होते. त्यांनी पावती मागून घेतली, सगळ्या ओळी वाचल्या, आणि परत देताना म्हणाले, "हिशेब लिहून दिलाय. प्रत्येक पैशापुढे कारण आहे." एवढ्या वर्षांच्या कस्टमच्या कामानंतर त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ती होती, आणि मलाही.

आरआयव्हीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक नाव ऐकूनच घाबरतात. अमेरिकेचे आणि कॅनडाचे वाहन सुरक्षेचे नियम जवळजवळ सारखे आहेत, पण तंतोतंत नाहीत. पंधरा वर्षांच्या आतली प्रत्येक अमेरिकन गाडी कॅनडाच्या नियमांत बसते की नाही हे ट्रान्सपोर्ट कॅनडा या केंद्राच्या वाहतूक खात्यासाठी ही यंत्रणा तपासते. कुठलं मॉडेल आणता येतं आणि कुठलं नाही याची यादी ट्रान्सपोर्ट कॅनडा प्रसिद्ध करतं. गाडी पसंत करण्याआधी ती यादी पाहायची. यादीत नाही असं मॉडेल सीमेवरून परत जातं, डीलर कितीही गोड बोलला तरी. फी तेव्हा १९५ डॉलर आणि वर कर होती. गाडी आल्यापासून ४५ दिवसांत तपासणी पास व्हावी लागते.

बदल काय करावे लागतात? कॅनडात १९८९ च्या डिसेंबरनंतर बनलेल्या गाड्यांना दिवसाही पुढचे दिवे आपोआप लागले पाहिजेत. अमेरिकेत ती सक्ती नाही. बऱ्याच गाड्यांत ती सोय आत असते, फक्त बंद ठेवलेली, आणि गॅरेजमध्ये संगणक जोडून चालू करून मिळते. आमची तशीच झाली. २००७ च्या सप्टेंबरनंतरच्या गाडीला चोरीप्रतिबंधक इमोबिलायझर हवा. हा मात्र नंतर बसवणं सोपं नाही, म्हणून तो आधीच असलेलीच गाडी घ्यावी. मुलांच्या सीटचे वरचे पट्टे अडकवायचे हुक हवेत. एअरबॅगची सूचना फ्रेंचमध्येही हवी, त्याचं लेबल मिळतं. वेगाचा काटा मैल आणि किलोमीटर दोन्ही दाखवणारा होता. ओडोमीटर मात्र मैलातच राहिला, आणि पुढे गाडी विकताना ते सांगावं लागणार.

तपासणीचा कागद हाती येण्यासाठी फीबरोबर आणखी एक पत्र लागतं: या गाडीवर एकही रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं परत बोलावणं, बाकी नाही, असं उत्पादकाचं. आणि गाडी खोळंबली ती इथेच. सरकारनं एक दिवस लावला नाही, पण उत्पादकाच्या कॅनडातल्या कचेरीनं ते साधं पत्र देताना मला विभागाविभागांत फिरवलं. एकानं सांगितलं अमेरिकेकडे मागा, अमेरिकेनं सांगितलं कॅनडाकडे मागा, तिसऱ्यानं पैसे मागितले. शेवटी बफेलोच्याच डीलरनं त्याच्या संगणकावरचा रिकॉलचा अहवाल कंपनीच्या लेटरहेडवर काढून सही करून पाठवला आणि तो मान्य झाला. म्हणून माझा सल्ला: हे पत्र गाडीच्या किल्ल्यांबरोबरच मागा. पैसे देण्याआधी डीलर जेवढा चपळ असतो तेवढा नंतर नसतो.

तपासणी जवळच्या कॅनेडियन टायर या दुकानाच्या गॅरेजमध्ये झाली. मेकॅनिकनं यादी धरून एकेक गोष्ट पाहिली, फॉर्म भरून पाठवला, आणि काही दिवसांनी टपालानं कॅनडाच्या नियमांत बसल्याचं छोटं लेबल आलं. ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत चिकटवायचं. मग सर्व्हिस ओंटारियोत ८ टक्के भरले, नंबरप्लेट घेतली. इन्शुरन्स कंपनीला व्हीआयएन आधीच कळवला होता, तिथे प्रश्न आला नाही. सगळा खर्च, पेट्रोल आणि रजा धरूनही, पाच हजारांच्या वर वाचले. त्यात अण्णा-आईंना बॅन्फला नेऊन आणलं.

याच ओघात भारताचा प्रश्न येतो. परत जाणारे मित्र विचारतात, इथली गाडी पुण्याला नेता येईल का? इथली गाडी डाव्या स्टिअरिंगची. भारतात वैयक्तिक वापरासाठी आणायची गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी, दिव्यांचा झोतसुद्धा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. नवी म्हणून आणायची तर ती आधी कुठेही विकलेली किंवा नोंदवलेली नको. ठरलेल्याच बंदरांतून येते, न्हावा शेवा त्यातलं एक. आणि सगळे कर मिळून गाडीच्या किमतीएवढे किंवा जास्त. अण्णांनी अशा परदेशी गाड्या सोडवून दिल्या होत्या, पण त्या मालकांच्या, स्वतःच्या नाहीत. नोकरीत जे दुसऱ्यासाठी केलं ते घरासाठी पहिल्यांदाच करतोय, असं ते फोर्ट ईरीहून परतताना मागच्या सीटवरून म्हणाले. सासूबाईंनी त्यांना थर्मासमधला चहा दिला.

आज कुणी हे करायचं म्हणत असेल तर वरचा आकड्यांचा भाग तसाच लागू धरू नये. नाफ्टाच्या जागी १ जुलै २०२० पासून नवा करार आहे. अमेरिकन बाजूला आता निर्यातीची नोंद संगणकावर आधी करावी लागते. आरआयव्हीची फी वाढली आहे. लाखाच्या वरच्या गाडीवर सप्टेंबर २०२२ पासून चैनीचा कर आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: अमेरिकेनं गाड्यांवर शुल्क लावल्यावर कॅनडानं ९ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं. करारात बसणाऱ्या गाडीलाही कॅनडा आणि मेक्सिकोबाहेरच्या भागाच्या किमतीवर ते लागतं. त्यात आमच्या डॉलरचा उतरलेला भाव पाहा. ज्या व्हॅनवर आम्ही शून्य शुल्क भरलं, तिच्यावर असं शुल्क बसलं तर बफेलोपेक्षा मिसिसागातलीच स्वस्त पडेल.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलानं विचारलं तेव्हा मी त्याला हाच हिशेब मांडून दाखवला आणि इकडच्याच ओकव्हिलला डीलरकडे घेऊन गेले. तिथे त्यानं गाडी बुक केली. पण बुक करण्याआधी मी त्याला व्हीआयएन आणि बिल समोरासमोर ठेवून एकेक अक्षर वाचायला लावलं.